जड पाणी, नवा रंग

एकाच नव्या ट्रकवर दोन जातींचे रंग असतात. केबिनचा वेगळा, हौद्याचा वेगळा. गाडी घेताना हप्ता, मायलेज, टायर यांवर घरात रात्र रात्र बोलणं होतं, रंगाचा विषय मात्र पांढरी घ्यायची का तपकिरी एवढ्यावर मिटतो. पुतण्यानं यंदा उसाच्या हंगामाआधी दहा चाकी घेतली. ती दारात उभी राहिल्यापासून तिला कसं धुवायचं, कशानं पुसायचं यावर आमचं रोज बोलणं होतं. रंग म्हणजे शोभा, असं इथं बहुतेकांना वाटतं. मला तो गाडीचं कातडं वाटतो. कातडं गेलं की पुढचं नुकसान थांबवता येत नाही.

केबिन कारखान्यात रंगते. पत्रा धुऊन फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग अख्खी केबिन प्रायमरच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीनं रंगाचे कण सांध्याकोपऱ्यांत जाऊन बसतात. तिथं कुठलाही ब्रश पोचला नसता. मग भट्टी, मग रंग, बऱ्याच गाड्यांवर त्याच्याही वर एक पारदर्शक थर आणि पुन्हा भट्टी. एवढे सगळे थर मिळून जाडी होते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ऊन, पाऊस, खडी एका बाजूला आणि लोखंड दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त एवढंच.

हौद्याच्या नशिबी भट्टी नसते. बॉडीवाल्याच्या उघड्या आवारात अँगल आणि पत्रा वेल्डिंगनं जोडतात, वर रेड ऑक्साइड मारतात आणि मग स्प्रे गननं इनॅमल किंवा पीयू रंग देतात. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर रंग वाळलेला लागतो, पण आतलं थिनर पुढे कित्येक दिवस बाहेर पडत राहतं. म्हणून नव्या हौद्याला पहिला महिनाभर मेण-पॉलिश लावू नये, प्रेशरचा फवारा जवळून मारू नये. साधं पाणी आणि मऊ कापड पुरे. केबिनला ही अट नाही, तिचा रंग भट्टीतच पक्का झालेला असतो.

आमच्या गावात मोठी गाडी दारात उभी करता येते, यामागे एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमचं जुनं किल्लारी कोसळलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, त्याखाली माणसं झोपलेली. आदल्याच दिवशी गणपती बुडवले होते. नंतरच्या पावसात मदतीच्या ट्रकांची रांग चिखलातून येत राहिली, हे ज्यांनी पाहिलं त्यांना ट्रक या वस्तूबद्दल आजही वेगळी माया आहे. नवं गाव वसलं ते आखीव चौकटीत, रुंद रस्त्यांचं. जुन्या बोळांत बैलगाडी वळवायची म्हणजे कसरत होती. इथं दहा चाकी आरामात वळते. पण जुन्या गावात वाड्याच्या उंच भिंतीची सावली असायची, ती गेली. नव्या गावात घरं सुटी सुटी, ऊन चारी बाजूंनी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा केबिनच्या टपावर हात टेकवत नाही. उन्हातले अतिनील किरण रंगातला बांधणारा घटक तोडतात. इनॅमल मग पांढुरका पडतो आणि हात फिरवला तर पावडर लागते. गाडी उभी करताना दुपारनंतर सावली कुठं पडेल हे बघणं, हा रंग जपण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. एक पथ्य मात्र पाळावं. कडुनिंबाखाली किंवा चिंचेखाली गाडी रोज लावू नये. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. तापलेल्या रंगावर ती पडली की मऊ झालेल्या थरात उतरते आणि रात्री रंग आवळला की डाग तिथंच बसतो. झाडावरच्या किडींचा चिकट स्राव तसाच. दिसला की ओला फडका त्यावर थोडा वेळ ठेवायचा, डाग नरम पडला की उचलून घ्यायचा. घासायचं नाही.

घासण्यावरून आठवलं, नव्या रंगाचा मोठा वैरी पाऊस किंवा ऊन नाही. तो आहे सकाळचा कोरडा फडका. सीटमागे कोंबलेलं एक कापड काढायचं, अगरबत्ती लावायच्या आधी बोनेट, दारं, आरशांच्या दांड्या खसाखसा पुसायच्या. मन लावून, श्रद्धेनं केलेलं हे काम आहे, म्हणून त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण आपल्या रस्त्यावरची धूळ बघा. काळी माती तर आहेच, शिवाय क्रशरची कच असते. ती बेसाल्टची. त्यातली खनिजं चाकूच्या पोलादाहून कठीण असतात. असे कण फडक्याखाली धरून रंगावर फिरवले की प्रत्येक हातासरशी बारीक चरे उठतात. महिन्याभरात उन्हात तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसायला लागतात. पुतण्याच्या ड्रायव्हरला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "काका, मग सकाळी काय करावं? गाडी न पुसता निघावं वाटत नाही की ओ." त्याचं खरं आहे. मी सांगितलं, काच पुसा, आरसे पुसा, दिवे आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या ओल्या कापडानं पुसा. पुढची पांढरी, बाजूची पिवळी, मागची लाल, या पट्ट्या रात्री जीव वाचवतात. पत्र्याला पाणी लावल्याशिवाय कापड लावू नका. डिझेलचा हात तर मुळीच नको. डिझेलनं पुसलं की तासभर चकाकतं, मग त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ चिकटते आणि दाराचं रबर फुगून खराब होतं.

आता पाणी. या भागात गाडी धुण्याचा प्रश्न शेवटी पाण्यापाशी येतो. लातूर शहर इथून पन्नास किलोमीटरच्या आत. त्या शहराला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. 'जलदूत' नावाची ती गाडी बघायला लोक पहाटे स्टेशनवर गेले होते. ज्या मुलखानं हे पाहिलं, तिथं अर्धा तास पाइप सोडून ट्रकवर पाणी मारत राहणं मला सहन होत नाही. साध्या पाइपमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जातं; अर्ध्या तासात तीनशे-साडेचारशे लिटर. तेवढ्यात एका घराचा दिवस निघतो.

आणि एवढं पाणी मारून रंगाचं भलं होतंच असं नाही, कारण ते बोअरचं. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. उन्हात तापलेल्या बोनेटवर थेंब वाळला की पाणी उडून जातं, क्षार मागं उरतात. पांढरे गोल डाग. दोन-चार धुण्यांनंतर ते नुसत्या फडक्यानं निघत नाहीत, त्यांची कड रंगात रुतते. ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, सावलीत, थोड्याशा जागेवर लावून लगेच धुऊन टाकावं. डाग पडूच न देणं मात्र त्याहून सोपं आहे: उन्हात धुवायचं नाही, पत्रा हाताला गार लागल्याशिवाय पाणी टाकायचं नाही, आणि धुतलेला भाग वाऱ्यावर वाळू न देता कापडानं टिपून घ्यायचा.

शेवटच्या पाण्यासाठी पावसाचं पाणी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. ते मऊ असतं, डाग सोडत नाही. शंभर चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होतं. पहिल्या सरीचं मळकट पाणी सोडून द्यावं, नंतरचं झाकणाच्या टाकीत घ्यावं. केबिनला अखेरचा हात देण्यासाठी त्यातली एक बादली पुरते.

धुण्याची रीत साधी आहे. आधी पाण्यानं धूळ भिजवून वरून खाली सोडायची, कापड न लावता. मग गाडीचा शाम्पू. कपड्याची पावडर नको, धुण्याचा सोडा तर नकोच. तेल काढताना तो मेणही काढतो आणि इनॅमलची चकाकी घालवतो. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पू, दुसरीत कापड खंगाळायला साधं पाणी. टप, काच, बोनेट, दारं अशा क्रमानं खाली यावं. चाकं आणि मडगार्ड शेवटी, त्यांचं कापड वेगळं, तारेचा ब्रश कुठंच नाही. केबिन एवढ्यानं चार-पाच बादल्यांत स्वच्छ होते. हौदा आतून झाडून घ्यावा, मग धुवावा. वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन असेल तर हातभर अंतरावरून. रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांच्या कडा, वायरिंगचे जोड आणि खडीनं टवका उडालेली जागा यांवर फवारा रोखायचा नाही. टवक्याच्या कडेखाली पाणी शिरलं की तो वाढत जातो. तिथलाच माणूस नव्या गाडीला रबिंग करून देतो म्हणाला, तर नको म्हणावं. रबिंग म्हणजे वरचा थर थोडा थोडा झिजवणं. जुनाट रंगाला ते एकदा चालतं, नव्याला कशासाठी?

पूजेच्या दिवसाचंही बोललं पाहिजे. नवी गाडी तुळजापूरला नेऊन आणल्याशिवाय आमच्याकडं तिच्यात माल भरत नाहीत, आणि ते तसंच व्हावं. पण बोनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढून तो आठवडाभर ठेवतात, त्यानं रंगाचं नुकसान होतं. पारंपरिक कुंकू हळदीला चुना देऊन करतात, त्यात अल्कली असते. बाजारातल्या स्वस्त कुंकवात रंगद्रव्यं असतात, ती पांढऱ्या केबिनमध्ये मुरतात. स्वस्तिक काचेच्या वरच्या कोपऱ्यात काढावा, काचेला काही होत नाही. झेंडूचा हार बाइंडिंगच्या तारेनं न बांधता सुतळीनं बांधावा. नाहीतर तार वाऱ्यानं हलत हलत पत्र्यावर रेघ ओढते. देवीला यात काही कमी पडत नाही. गाडी जपणं ही लक्ष्मी जपणंच आहे, असं आमच्या आईचं म्हणणं असायचं.

मेणाबद्दल दुकानदार फार सांगतात. कार्नाउबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. चकाकी सुंदर देतं, आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट जास्त चालतं. सिरॅमिक कोटिंग कारला ठीक. रोज उसाच्या फडात जाणाऱ्या ट्रकवर तेवढे पैसे घालण्यापेक्षा ते टायरला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. केबिनला वर्षातून दोनदा सीलंट: एकदा पाडव्याच्या आसपास, ऊन पेटायच्या आधी; एकदा दसऱ्याला, पाऊस सरल्यावर. पाणी टाकलं की थेंब गोल होऊन घरंगळले पाहिजेत. पसरायला लागले की थर संपला.

उसाच्या गाडीला आणखी दोन दुखणी असतात. उसाचा रस फाळक्याच्या बिजागरीत आणि वेल्डिंगच्या सांध्यात ठिबकतो, आंबतो आणि तिथूनच गंज धरतो. कारखान्यावर खाली झाल्यावर त्या जागांवर एक बादली पाणी मारलं तरी फरक पडतो. दुसरं, दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. काळ्या मातीचा चिखल वाळून ती बुजतात, दाराच्या आत पाणी साचतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं लोखंड गेलेलं असतं. काडी घालून ती भोकं मोकळी ठेवावीत. खडीचा टवका उडाला तर गाडीच्या पाटीवरचा रंगाचा कोड बघून टच-अपची छोटी बाटली आणावी आणि त्याच आठवड्यात थेंब लावावा. इंजिनासाठीचं युरिया भरताना टाकीच्या तोंडाशी सांडलं, तर वाळून पांढरे खडे होण्याआधी पाणी ओतावं. जुन्या गाडीचा व्यवहार करणारा माणूस आधी दाराची खालची कड वाकून बघतो, मीटर नंतर.

एक काम वॉशिंग सेंटरवाल्यांनीही करावं, त्याला फार पैसा लागत नाही. ग्रीस, तेल आणि चिखल मिसळलेलं पाणी आज रस्त्याकडेच्या चारीत सोडतात, ते ओढ्याला लागून तेरणेकडं जातं. रॅम्पच्या खाली तीन कप्प्यांची सिमेंटची टाकी बांधली तर पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं ते काढून घेता येतं, आणि तिसऱ्यातलं पाणी चाकं आणि चेसीच्या पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येतं. रंगावर ते पाणी मारायचं नाही, खालच्या लोखंडावरचा चिखल सोडवायला ते चालतं. अशी टाकी खणायला जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि जेसीबीवाले आपली मशीन त्याच सेंटरवर धुवायला आणतात.