आवाज दाबण्याआधी ऐका

मैत्रिणींनो, गतिरोधकावर गाडी कुईकुई करू लागली की आपण तेलाची बाटली घेऊन धावतो. मीही धावले होते. पण दाराच्या बिजागरीला चालतं ते इथे चालत नाही. सस्पेन्शनमधला असा आवाज बरेचदा रबरी बुशचा असतो, आणि इंजिन ऑइल किंवा साध्या ग्रीसने रबर फुगतं, मऊ पडतं. चार दिवस शांतता, मग नवे बुश!

आधी आवाज शोधावा. एकीने उभ्या गाडीचा कोपरा दाबून हलवावा, दुसरीने कान द्यावा. बुश पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. ब्रेकवर मात्र उडू देऊ नये. तरीही आवाज राहिला, खडखडलं किंवा स्टिअरिंग सैल लागलं, तर मेकॅनिकच गाठावा. त्या गाडीत आपली मुलं बसतात.