यवतमाळच्या धावपट्टीचा हिशेब

यवतमाळच्या विमानतळावर सरकारी पैसा खर्च करायचा असेल, तर केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्यानेही हिशेब मागायला हवा. एमआयडीसीच्या ताब्यातला हा विमानतळ २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबादबरोबर खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिला. यवतमाळहून नियमित प्रवासी विमानसेवा काही सुरू झाली नाही. शेजारी अमरावतीत बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढवली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरूही झाली. म्हणजे मनावर घेतले तर होते. पण कापूस विकून मुलीला पुण्याला शिकायला पाठवणारा केळापूर तालुक्यातला शेतकरी रात्रीची ट्रॅव्हल्सच पकडणार, आणि विमानच लागले तर महामार्गाने सरळ नागपूर गाठणार. म्हणून तिकिटांच्या अनुदानापेक्षा रात्री विमान उतरवणारे दिवे मला जास्त मोलाचे वाटतात. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मोठा भार यवतमाळच्या शासकीय रुग्णालयावर आला होता. अत्यवस्थ रुग्णाला मध्यरात्रीही मुंबईला हलवता येईल, एवढी सोय आधी करा. प्रवासी कक्षाची फरशी नंतर बदलता येईल.