फ्लॅट आपण निवडतो, वस्ती मात्र त्यांना मिळते

परदेशातल्या मराठी माणसांच्या गप्पा कुठूनही सुरू होवोत, दोन विषयांवर त्या हमखास येतात. एक व्हिसा आणि दुसरा पुण्यातला फ्लॅट. सिएटलच्या आसपास राहणाऱ्या आमच्या ग्रुपमध्येही वेगळं काही नाही. कुणी बाणेरला बुक केलाय, कुणी वाकडला बघतोय, कुणाला वाघोलीत 'अजून रेट परवडतोय' म्हणून घाई आहे. फ्लॅट कुणासाठी, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "आई-बाबांसाठी." गावाकडचं जुनं घर त्यांना आता झेपत नाही, पुण्यात चांगली हॉस्पिटलं आहेत, विमानतळ आहे, आपण सुट्टीला आलो की सगळ्यांनाच सोयीचं. कारणं सगळी खरी आहेत. पण या गप्पांमध्ये कार्पेट एरिया येतो, मजला येतो, दिशा येते, क्लबहाऊस येतं. वस्तीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. बोललं तरी 'अपकमिंग एरिया आहे' एवढ्यावर विषय संपतो.

माझं म्हणणं साधं आहे. आई-वडिलांनी राहावं म्हणून घर घ्यायचं असेल, तर आधी वस्ती निवडा आणि मग फ्लॅट. आणि ती वस्ती कोणती, हे पैसे भरणाऱ्याने नाही, तिथे राहणाऱ्याने ठरवायला हवं.

गंमत म्हणजे वस्ती कशी पारखायची हे आपल्याला उत्तम ठाऊक आहे. अमेरिकेत स्वतःसाठी घर घेताना आपण काय काय करतो ते आठवा. इथे सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरते, म्हणून आधी शाळेची हद्द बघतो. ग्रेटस्कूल्सवर दहापैकी किती गुण आहेत ते बघतो. सकाळी आठला निघालं तर ऑफिसला किती वेळ लागेल, हे मंगळवारी वेगळं आणि शुक्रवारी वेगळं तपासतो. फेमा या केंद्रीय संस्थेचे पुराचे नकाशे कुणालाही फुकट बघता येतात. घर जास्त धोक्याच्या पट्ट्यात असेल तर पुराचा विमा काढल्याशिवाय बँक सहसा कर्ज देत नाही. घरापासून चालत काय काय गाठता येतं यावर शून्य ते शंभर गुण देणारा वॉकस्कोअर तर २००७ साली आमच्या सिएटलमध्येच सुरू झाला.

इथल्या एजंटला 'या भागात कसे लोक राहतात?' असं विचारलं तर तो हसून विषय बदलतो. वंश, धर्म किंवा मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने बेकायदा आहे. मग आपणच शनिवारी तिथे जातो, बागेत मुलांना सोडतो, कुत्रा फिरवणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलतो. सहा-सहा महिने हा उद्योग चालतो.

तोच माणूस पुण्यातला फ्लॅट घेतो तेव्हा काय करतो? व्हॉट्सॲपवर आलेलं ब्रोशर, यूट्यूबवरचा ड्रोन व्हिडिओ आणि डिसेंबरातल्या सुट्टीतली एक दुपार. डिसेंबरात पुणं सगळीकडेच छान असतं. पाऊस नसतो, धरणात पाणी असतं, हवा गार असते. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला असतो आणि चहाही चांगला मिळतो. वस्तीचा खरा चेहरा मे महिन्यात आणि जुलैमध्ये दिसतो. त्या वेळी आपण इथे असतो.

पाण्याचंच बघा. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. नकाशावर ती एका दिवसात शहर झाली, पण नळ आणि ड्रेनेज एका दिवसात पोचत नाहीत. शहराच्या कडेच्या कितीतरी सोसायट्या आजही टँकरवर चालतात आणि उन्हाळ्यात मेंटेनन्सच्या बिलातली टँकरची रक्कम फुगते. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांची नजर आधी पाण्याकडेच वळली. म्हणून सेल्स ऑफिसात विचारायचा प्रश्न 'पाणी आहे का?' हा नाही. त्याचं उत्तर 'चोवीस तास' असंच येणार. 'महापालिकेचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती?' असं विचारा, आणि तेही शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला.

पुराचंही तसंच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. अमेरिकेत फेमाचा नकाशा दहा वेळा झूम करून बघणारे आपण पुण्यात 'रिव्हर व्ह्यू'साठी जास्त पैसे मोजतो, आणि या दोन रेषा कुठून जातात हे विचारतही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तक्रार कुणाकडे करायची? वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. त्याला लागून असलेल्या हिंजवडीत मात्र आयटी पार्क एमआयडीसीचं, गाव ग्रामपंचायतीचं आणि भोवतालचं नियोजन पीएमआरडीएचं. रस्त्यावरचा एक खड्डा बुजवायलाही आधी मालक शोधावा लागतो. पस्तिशीतला आयटीवाला हे सहन करतो, कारण त्याचं ऑफिस तिथे आहे. सत्तरीतल्या माणसाने ते का करावं?

आता 'अपकमिंग' या शब्दाबद्दल. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. पहिला छोटा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि गाडी रामवाडीपर्यंत पोचायला मार्च २०२४ उजाडला. एवढ्या मोठ्या कामाला वेळ लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ६८ वर्षांच्या माणसाला 'सात-आठ वर्षांत इथे सगळं होईल' असं सांगण्याचा अर्थ काय, याचा विचार करा. गुंतवणूक म्हणून आठ वर्षं काहीच नाहीत. पायात बळ असण्याची आठ वर्षं म्हणून ती फार आहेत.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, ताब्याची तारीख, चालू खटले असं सगळं बघता येतं. २०१७ पासून ही मोठी सोय झाली आहे आणि ती वापरलीच पाहिजे. पण तिथे माहिती मिळते ती प्रकल्पाची. बाहेरच्या रस्त्याला फूटपाथ आहे का, हे तिथे कळत नाही.

माझ्या एका मित्राचे आई-बाबा सांगलीहून पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये राहायला आले. बिल्डरने शब्द पाळला, ताबा वेळेत दिला, काम उत्तम आहे. चौदाव्या मजल्यावरून डोंगर दिसतात. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा काकांनी अख्खं घर कौतुकाने दाखवलं. मग म्हणाले, "सांगलीत सकाळी बाहेर पडलो की नऊ वाजेपर्यंत घरी यायचो नाही. इथे खाली उतरलं की जायचं कुठे?" गेटबाहेर सर्व्हिस रोड, त्यावर डंपर, पलीकडे औषधाचं दुकान. दिसतं, पण रस्ता ओलांडवत नाही. भाजी ॲपवरून येते, ती मित्र टेक्सासमधून मागवतो. रिक्षावाले परतीचं भाडं मिळत नाही म्हणून तिकडे यायला तयार नसतात. काकूंना बीपीचा त्रास आहे. सांगलीतल्या डॉक्टरांना त्यांचा वीस वर्षांचा इतिहास तोंडपाठ होता, इथे दर वेळी नवा डॉक्टर आणि नवी फाइल. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघंही म्हणतात, "छान आहे रे, काही कमी नाही."

हे 'छान आहे रे' आपण शब्दशः घेऊ नये. घर घ्यायच्या आधी येणारं 'तुम्ही ठरवाल ते' हेही तसंच. मुलगा किंवा मुलगी लाखो रुपये घालतेय, त्यात आपण कशाला खोट काढायची, अशी ती पिढी आहे. तो होकार नसतो, तो संकोच असतो.

याला उलट उत्तरंही आहेत आणि ती मला मान्य आहेत. जुन्या वस्त्यांचं उगाच गुणगान करण्यात अर्थ नाही. पेठेत किंवा कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसते, आणि गुडघे दुखत असतील तर कोपऱ्यावरचं देऊळ आणि वाचनालय असून नसल्यासारखं. पार्किंगची मारामारी, गणपतीतले स्पीकर, रीडेव्हलपमेंट निघालं की उतारवयात दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात. शिवाय दर. उलट नव्या संकुलांत लिफ्टला बॅकअप असतो, गेटवर माणूस असतो, ज्येष्ठांचे ग्रुप असतात. अशा ठिकाणी जाऊन खुललेले आई-बाबाही मी पाहिलेत. एकाची आई साठीनंतर तिथे पोहायला शिकली. म्हणजे नवं वाईट आणि जुनं चांगलं असं नाही. माणूस कसा आहे, त्यावर वस्ती कशी हवी ते ठरतं.

दराचा प्रश्न खरा आहे, पण त्यालाही एक उत्तर आहे. तीनऐवजी दोन बेडरूमचा घ्या. ती तिसरी बेडरूम आपल्यासाठी असते आणि आपण वर्षातून तीन आठवडे येतो. उरलेले एकोणपन्नास आठवडे तिची झाडलोट आईने करायची. तेवढेच पैसे वस्तीवर घातले तर ते रोज उपयोगी पडतील. गुंतवणूकच करायची असेल तर जरूर करा, पण तिला गुंतवणूक म्हणा आणि तो फ्लॅट भाड्याने द्या. एकाच फ्लॅटकडून नफाही हवा आणि आई-बाबांचं म्हातारपणही सुखाचं जावं, या दोन अपेक्षा बहुतेक वेळा एकमेकींच्या आड येतात.

आणि पुणंच का, हाही प्रश्न विचारावा. सांगली, नाशिक, कोल्हापुरात आता लिफ्टच्या इमारती भरपूर आहेत. जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला, तर डॉक्टर तोच, दूधवाला तोच, भांडणारे शेजारीही तेच. आपल्याला विमानतळावरून चार तास जास्त प्रवास करावा लागेल. वर्षातून एकदा तो करायला हरकत नाही.

ओळखीची माणसं हवीत म्हणताना एक पथ्य मात्र पाळू या. पुण्यात काही एजंट कानाशी लागून सांगतात, "सोसायटी सगळी आपल्या लोकांची आहे." 'आपल्या' म्हणजे कुणाच्या, हे आपल्याला कळतं. इथे कुणी आपलं आडनाव ऐकून घर नाकारलं तर आपण चिडू, मग तिकडे ते ऐकून खूश कसे होतो? आई-बाबांना जातीची माणसं लागत नाहीत. रात्री अकराला दार वाजवलं तर उघडणारं माणूस लागतं.

मग करायचं काय? मला सगळ्यात व्यवहारी वाटणारा उपाय म्हणजे आधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घ्या. एप्रिलमध्ये घेतलं तर टँकरचा उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी, तिन्ही अनुभवून होतात. भाडं आणि डिपॉझिटमध्ये अडकलेल्या पैशाचं व्याज धरूनही हा खर्च फ्लॅटच्या किमतीपुढे किरकोळ आहे. नाहीच जमलं तर संध्याकाळी सातला, भर पावसात आणि रविवारी सकाळी, अशा तीन वेळा नात्यातल्या कुणाला तरी आई-बाबांबरोबर तिथे पाठवा, तेही गाडीने गेटपर्यंत नाही, पायी. औषधाच्या दुकानात आणि भाजीवाल्याशी बोलायला सांगा. ब्रोशरमध्ये नसलेलं बरंच काही त्यांच्याकडून कळतं.

आपल्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वापरणाऱ्याला काय हवं ते न विचारता कुणी सहा महिने कोड लिहीत बसला तर आपण त्याला वेड्यात काढू. तेव्हा या रविवारच्या फोनवर 'कुठे घेऊ?' असं विचारूच नका. "सकाळी घराबाहेर पडल्यावर कुठे कुठे जाता?" एवढंच विचारा आणि ते जे सांगतील ते कागदावर लिहून घ्या. बँक, देऊळ, कट्टा, दवाखाना, धाकट्या मावशीचं घर, जे असेल ते. नवीन जागेपासून त्यातलं किती चालत गाठता येईल, ते मोजा. चौरस फुटांचं गणित त्यानंतर करा.