भावार्थ लिहून घ्या!

आमच्याकडे दहावीच्या वर्गात कविता शिकवण्याची एक रीत ठरून गेली आहे. सर वर्गात येतात, कविता एकदा चालीवर म्हणतात किंवा एखाद्या बऱ्या आवाजाच्या मुलीकडून म्हणवून घेतात, आणि मग फळ्याकडे वळत सांगतात, "भावार्थ लिहून घ्या." साठ माना खाली जातात. तो भावार्थ सरांचा नसतो, मुलांचा तर नसतोच. तो बाजारातल्या गाईडमधला असतो. वीस मिनिटांत नामदेव संपतात, पुढच्या वीस मिनिटांत एकनाथ. तास संपल्याची घंटा होते तेव्हा कवितेतल्या एकाही शब्दापाशी कुणी थांबलेले नसते.

मी सत्तावीस वर्षे मराठी शिकवले. पहिली सात-आठ वर्षे मीही हेच केले, हे आधीच कबूल करतो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते दुसऱ्यांवर बोट दाखवण्यासाठी नाही. पण गप्प बसण्यासाठीही नाही.

या पद्धतीने नुकसान सगळ्याच मुलांचे होते. आपल्या मुलांचे जास्त होते, हे माझे म्हणणे. आपल्या बहुतेक घरांत दख्खनी बोलली जाते, बाजारात मराठी, मक्तबमध्ये अरबीची अक्षरे. मूल मराठी शाळेत येते ते थोडे बिचकतच. जुनी मराठी कविता म्हटली की त्याला वाटते, हा प्रांत आपला नाही. इथे विठ्ठल आहे, तुळस आहे, सोवळे आहे. इथे आपण पाहुणे. पाहुण्याने वाद घालायचा नसतो. त्यामुळे गाईडने दिलेला अर्थ ते डोळे मिटून घेते आणि परीक्षेत जसाच्या तसा परत करते. वर्गातला पाटलाचा पोरगा निदान "सर, माझे आजोबा याचा अर्थ वेगळा सांगतात" असे म्हणू शकतो. आपले मूल म्हणत नाही.

माझे लहानपण आठवते. सकाळी मक्तबमध्ये नाज़रा वाचायचो. एकेक अक्षर, एकेक जेर-जबर उस्तादजी घासून घ्यायचे. चुकीचा उच्चार झाला की छडी. पण वाचतोय त्याचा अर्थ काय, हे कुणी सांगितले नाही आणि विचारण्याची रीत नव्हती. दुपारी मराठी शाळेत अर्थ भरपूर मिळायचा, वहीभर मिळायचा, पण तो कोणत्या शब्दातून आला हे कुणी दाखवायचे नाही. तिकडे शब्द होते, अर्थ नव्हता. इकडे अर्थ होता, शब्द नव्हते. दोन्ही ठिकाणी आम्ही पाठांतरच करत होतो. खरे तर तफ़सीरची परंपरा काय आहे? एका आयतीतल्या एका शब्दावर पानेच्या पाने लिहिणारे मुफस्सिर आपल्याकडे होऊन गेले. आणि मराठीतला कीर्तनकार काय करतो? एक अभंग घेतो आणि दोन तास त्याच्यातून हलत नाही. म्हणजे शब्दाशी थांबून वाचणे ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. दोन्ही घरांत ती होती. शाळेने ती दोन्हीकडून काढून टाकली.

एक वर्ग सांगतो. शनिवारची सकाळची शाळा होती, शेवटचा तास. मी फळ्यावर शेख महंमदांचा एक अभंग लिहिला, तोच प्रसिद्ध, केवड्याचा आणि फणसाचा. पण शेवटचे चरण लिहिले नाही आणि कवीचे नावही सांगितले नाही. ही युक्ती माझी नव्हे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकून कविता वाचायला दिल्या होत्या आणि त्यांची उत्तरे तपासून १९२९ साली पुस्तक लिहिले होते. नाव गेले की भलेभले वाचक कसे गडबडतात, हे त्यात दिसते. आमच्याकडे उलटे आहे. नाव कळले की वाचणेच बंद होते.

मुलांनी कवी ओळखला: तुकाराम. का? सोवळे-ओवळे नाही असे म्हटले आहे म्हणून. ठीक. मग मी शेवटचे चरण लिहिले, त्यात कवीचे नाव. वर्ग शांत झाला आणि पंचावन्न माना आपल्या चार-पाच मुलांकडे वळल्या. हे वळणे ज्याने वर्गात सोसले आहे त्यालाच कळेल.

आता गाईडच्या हिशेबाने इथे काम संपले. एक वाक्य लिहून द्यायचे: 'शेख महंमद मुसलमान असूनही त्यांनी विठ्ठलाची भक्ती केली, संदेश, राष्ट्रीय एकात्मता.' वाचकहो, जरा या वाक्यातला 'असूनही' वाचा. कवितेचे सोडा, हा एक शब्द नीट वाचा. असूनही म्हणजे काय? म्हणजे मुसलमान असणे हा अडथळा होता, तो ओलांडून माणूस चांगला झाला. 'वारकरी असूनही त्यांनी विठ्ठलाची भक्ती केली' असे कुणी लिहील का? भाषणांतून, हारतुऱ्यांतून, जयंतीच्या कार्यक्रमांतून हा 'असूनही' आपण इतकी वर्षे ऐकतो आणि वर टाळ्या वाजवतो. आपण शेख महंमदही वाचत नाही आणि त्यांचे कौतुक करणाऱ्याचे वाक्यही वाचत नाही.

तर वर्गात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आपलीच. सहसा न बोलणारी. म्हणाली, "सर, केवड्याच्या झाडाला बाहेर काटे, आत केवडा. फणसाला बाहेर काटे, आत गोड. नारळ बाहेरून कठीण, आत पाणी. मग शेवटी आत गोविंद आहे. बाहेर काय आहे?"

मी विचारले, "तूच सांग."

"बाहेर 'अविंध' आहे. म्हणजे अविंध म्हणजे काटे का, सर?"

सत्तावीस वर्षांत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. आणि इतका अवघडही. कुठल्याही गाईडात तो नाही, कारण गाईड लिहिणाऱ्याने ओळींची जागा पाहिलेली नसते, फक्त विषय पाहिलेला असतो. या मुलीने चरणाला चरण लावून पाहिला. काटा ज्या जागेवर बसतो त्याच जागेवर कवीने स्वतःची ओळख ठेवली आहे, हे तिने हेरले.

मी अविंध शब्द फोडून दाखवला. ज्याचे कान विंधलेले, म्हणजे टोचलेले नाहीत तो. मुसलमानाला बाहेरच्यांनी दिलेले हे नाव. त्याच्याकडे काय आहे ते न सांगता काय नाही ते सांगणारे. एक मुलगा म्हणाला, "एवढंच? कान टोचले नाहीत एवढंच?" दुसरा म्हणाला, लोक ज्याला काटा समजतात ते कवीने फक्त सांगितले, स्वतः मानले असे नाही. तिसऱ्याने त्याला अडवले: मग 'लोक म्हणतात' असे शब्द दाखव कवितेत. नव्हतेच ते. मग एका शेतकऱ्याच्या पोरीने नारळ हातात घेतल्यासारखे करून सांगितले, "करवंटी नसती तर पाणी राहिलं असतं का? सांडून गेलं असतं." म्हणजे बाहेरचे कठीणपण आतल्याचे शत्रू नाही, ते आतले सांभाळते. मग कुणी तरी पहिल्या चरणाकडे परत गेले: हे सगळे करणारा एकच आहे, काटेही त्यानेच केले आणि केवडाही. मग काट्याला नावे ठेवणारे आपण कोण? आणि यमक! अविंध आणि गोविंद. ज्या दोन शब्दांना गावाने वेगळ्या गल्ल्यांत ठेवले ते कवीने कानाला एकत्र ऐकवले.

घंटा झाली. पुढचे दोन शनिवार त्याच अभंगात गेले. त्या मुलीला माझे उत्तर पूर्ण पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पूर्ण पटलेले नाही.

कुणी म्हणेल, हे अभ्यासक्रमाबाहेरचे चोचले. त्याला एकच दाखवतो. २०१८ पासूनच्या दहावीच्या कुमारभारतीत एकनाथांच्या योग्याविषयीच्या ओव्या आहेत. तिथे 'जीवन' हा शब्द पाण्यासाठी येतो. मुले गाईडमधून 'जीवन म्हणजे पाणी' असे पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. शेख महंमदांच्या नारळातही पाण्यासाठी 'जीवन'च आहे. माझ्या वर्गाला तो शब्द दोन ठिकाणी भेटला. तो ते विसरणार नाहीत. एकनाथांच्या ओव्यांत पाणी नुसता वरचा मळ धुते आणि योगी आतबाहेर स्वच्छ करतो. शेख महंमदांकडेही आत आणि बाहेर यांचाच हिशेब आहे. आणि परंपरेने सांगितलेली गोष्ट पाहा: एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि शेख महंमद, या दोघांचाही संबंध चांद बोधले यांच्याशी जोडला जातो. दौलताबादच्या किल्ल्यापासून श्रीगोंद्यापर्यंत ही एकच वाट जाते. ती पाठ्यपुस्तकातल्या एका शब्दावरून सापडते, अट एवढीच की त्या शब्दापाशी थांबले पाहिजे.

एकनाथांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड मी एकदा नववीला वाचून दाखवले. त्यातला हिंदू मराठीत बोलतो आणि तुर्क दख्खनीत. दोघे एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टवाळी करतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. तुर्काच्या बोलण्याशी मी अडखळलो, तसा मागच्या बाकावरचा एक पोरगा हसून म्हणाला, "सर, ये तो हमारी नानी बोलती वैसाच है." मी पुस्तक त्याच्या हातात दिले. वर्षभर मराठीत काठावर पास होणारे ते पोर त्या दिवशी साठ जणांना सोळाव्या शतकातले काव्य वाचून, समजावून देत होते. त्याला कुणी सांगितलेच नव्हते की त्याच्या नानीची बोली मराठी संताच्या ग्रंथात आहे.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले तेही ऐका. सराव परीक्षेत न पाहिलेल्या कवितेवर प्रश्न होता. तिने दोन ओळींचा मेळ लावून स्वतःचा अर्थ लिहिला, कारणासह. पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले होते. तपासणाऱ्याने लाल रेघ ओढून 'मुद्दे नाहीत' असे लिहिले आणि चारपैकी एक गुण दिला. शेजारच्या बाकावरचीने 'कवीने मानवतेचा संदेश दिला आहे' असे तीनदा फिरवून लिहिले होते, तिला साडेतीन. ती मुलगी वही मिटून मला म्हणाली, "सर, बोर्डात मी गाईडचंच लिहिते." मी तिला नको म्हणू शकलो नाही. घरची परिस्थिती मला माहीत होती. गुण गेले तर अकरावी जाणार होती आणि अकरावी गेली तर मार्चमध्ये स्थळ बघायला सुरुवात. सावकाश वाचण्याची किंमत अशी असते, आणि ती बाकीच्यांच्या आधी आपल्या मुलींना मोजावी लागते. म्हणून दोष मुलांना देता येत नाही. तपासनिसाला उत्तरसूची हातात देऊन 'मतप्रदर्शन' तपासायला लावणारी जी रीत आहे, तिच्याशी भांडावे लागेल. कृतिपत्रिकेत कविता 'आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण' लिहा असा मुद्दा असतो. कविता आवडली नाही असे लिहिलेला पेपर मी तरी आजवर पाहिला नाही. पोरांना बरोबर कळते, कोणता प्रश्न खरा आणि कोणता दिखाव्याचा.

आणि थोडे आपल्या लोकांविषयी. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण एक मागणी सतत करत आलो: पाठ्यपुस्तकांत आमचे लेखक घ्या. मागणी रास्त आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण घेतल्यावर काय होणार याचा विचार कुणी केला आहे का? आपल्या कवीच्या कवितेचेही गाईड निघेल. तिच्याखालीही 'संदेश: सर्वधर्मसमभाव' असे छापले जाईल, आणि आपलेच सर ते आपल्याच मुलांना लिहून देतील. रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' १९६७ साली आले. आपल्या संस्थांनी चालवलेल्या किती शाळांच्या ग्रंथालयांत ते आहे? आणि जिथे आहे तिथे कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

दुसरीकडे असेही पालक आहेत. त्या मुलीचे अब्बाच एकदा शाळेत आले. गॅरेज चालवतात, हात काळे तसेच होते. म्हणाले, "सर, आप मेहनत करते, मालूम है. लेकिन अभंग पाठ करून घेणं आमच्यात चालत नाही." मी म्हटले, "भाईजान, पाठ नाही करवत. वाचवून घेतो. पाठ केलेलं पोरगी मान्य केल्यासारखी म्हणते. वाचलेल्याला ती प्रश्न विचारते." ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारले, "तो मग तो शेख महंमद आपला की त्यांचा?" मी त्यांना मुलीची वही दाखवली. दोन पाने होती. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, बोटाचे डाग कागदाला लागू नयेत म्हणून वही लांब धरून, एकेका शब्दावर अडत. पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत. समाधान झाले असेल असेही मी म्हणत नाही.

साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही, पोर्शन पुरा होत नाही, असे माझे सहकारी म्हणतात. मान्य. सगळ्या कविता अशा वाचता येणार नाहीत. मी एका सत्रात एकच घेत असे. बाकीच्यांना मीही भावार्थच दिला. एका कवितेपुरते तरी मुलाला कळू द्या की अर्थ छापून येत नाही, तो शब्दांतून काढावा लागतो, आणि तो काढण्याचा हक्क शेवटच्या बाकालाही आहे.

या वार्षिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. जूनमध्ये शाळा उघडली की एका शनिवारी तो अभंग नाव झाकून फळ्यावर लिहा. भावार्थ देऊ नका. नारळापर्यंत आलात की थांबा, मग शेवटचे चरण लिहा आणि त्या मुलीचा प्रश्न वर्गाला विचारा. मुलांनी काय उत्तरे दिली ती त्यांच्याच शब्दांत लिहून संपादकांमार्फत मला पाठवा. चुकीची वाटलेली सुद्धा पाठवा.