चढ यंत्राचा, उतार चालकाचा

स्वयंचलित गिअरच्या फोर बाय फोर गाड्यांमुळे भोर-वेल्ह्याकडील डोंगरी रस्ते शहरी चालकांच्या आवाक्यात आले आहेत. या गाड्यांविषयी चालकांमध्ये तीव्र मतभेद असले, तरी वादाचा खरा मुद्दा चढावर नसून उतारावर आहे. त्याकडे मात्र ना कायद्याचे लक्ष आहे, ना विक्रेत्यांचे.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर नीरा नदीच्या अलीकडे सारोळे हे पुणे जिल्ह्याच्या सीमेवरचे गाव आहे. पुलापलीकडे शिरवळ आणि सातारा जिल्हा. शनिवार-रविवारी या टापूतून पुण्या-मुंबईच्या गाड्यांचा ओघ सुरू असतो. काही गाड्या खंबाटकी घाट चढून वाई-महाबळेश्वरकडे जातात. काही अलीकडेच कापूरहोळला वळून भोर गाठतात आणि तेथून वरंधा घाट, रायरेश्वर किंवा मांढरदेवच्या दिशेने निघतात. राजगड-तोरण्याकडे जाणाऱ्या गाड्या त्याही आधी, चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळलेल्या असतात. दिशा कोणतीही असो, शेवटी वाट्याला येतो तो अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पावसाळ्यात चिखल किंवा निसटता मुरूम.

या गर्दीत अलीकडच्या काळात एक बदल ठळकपणे दिसतो. फोर बाय फोर गाडी म्हटली की हाताने गिअर बदलणारा कसलेला चालक डोळ्यांसमोर येत असे. आता यातील अनेक गाड्यांत क्लचचे पेडलच नसते. महिंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या स्वरूपातील ‘थार’ बाजारात आणली, तेव्हा सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स हे तिचे मोठे आकर्षण ठरले. २०२२ ची ‘स्कॉर्पिओ-एन’, जून २०२३ मधील मारुतीची ‘जिम्नी’ आणि ऑगस्ट २०२४ मधील पाच दारांची ‘थार रॉक्स’ याच वाटेने गेल्या. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ मात्र २०२४ मध्ये नवा साज लेवूनही हाताच्या पाच गिअरवरच ठाम राहिली. बाजारातील ही विभागणी चालकांच्या मतांमध्येही जशीच्या तशी उमटलेली आहे.

दोन मतप्रवाह

हाताच्या गिअरचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. डोंगरात गाडीपेक्षा चालकाला अधिक कळते. पुढे चिखल आहे की खडक, हे डोळ्यांना आधी दिसते. यंत्राला ते चाक घसरल्यावर समजते. त्यामुळे कोणता गिअर लागावा, हे चालकानेच ठरवले पाहिजे. दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. क्लचप्लेट जळाली, तर तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्येही ती बदलून मिळू शकते. स्वयंचलित गिअरबॉक्स बिघडला, तर गाडी बहुधा उचलून शहरातील कार्यशाळेतच न्यावी लागते. बॅटरी बसली, तर अशी गाडी ढकलून सुरू करता येत नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधील तेल फिरवणारा पंपही बंद असतो. त्यामुळे योग्य काळजी न घेता ती ओढत नेल्यास आतील भागांची हानी होते. शिवाय किमतीत लाखाहून अधिक फरक पडतो, तो वेगळाच.

हिर्डस मावळासारख्या डोंगरी खोऱ्यांत वडापच्या जीप चालवणाऱ्यांच्या पिढीला हे युक्तिवाद पटवून द्यावे लागत नाहीत. कमीत कमी खर्चात गाडी रस्त्यावर ठेवणे, हेच त्यांचे अर्थकारण.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. हौसेने फोर बाय फोर घेणारा शहरी चालक वर्षातील बहुतेक दिवस ती शहरातच चालवतो. रविवारी सायंकाळी परतताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून कात्रजपर्यंत इंचाइंचाने सरकताना डावा पाय भरून येतो, हा अनुभव हजारो जणांचा आहे. गुडघेदुखीचे रुग्ण, वयस्कर चालक आणि नवशिके यांना स्वयंचलित गिअरने डोंगराची वाट मोकळी करून दिली. खड्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना हँडब्रेक, क्लच आणि अॅक्सिलरेटर यांची जी कसरत करावी लागे, ती संपली. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे घसरण्याची भीतीही पुष्कळ कमी झाली.

चढावर यंत्र सरस

चढाच्या बाबतीत यंत्रशास्त्राचा कौल स्वयंचलित गिअरच्या बाजूने आहे. वर उल्लेखलेल्या स्वयंचलित गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये ‘टॉर्क कन्व्हर्टर’ असतो. त्यात दोन चकत्या एकमेकींवर घासत नाहीत. तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जाते. गाडी जवळजवळ थांबलेली असताना हे यंत्र इंजिनाचा जोर वाढवून चाकांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे खडकावर चाक अलगद चढवता येते. हाताच्या गिअरमध्ये हेच काम अर्धा क्लच दाबून करावे लागते. नवख्या चालकाच्या हातून क्लचप्लेट जळते ती येथेच.

ही गोष्ट नवीनही नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला आणि दुसऱ्या महायुद्धात तो ‘एम-५ स्टुअर्ट’ व ‘एम-२४ चाफी’ या रणगाड्यांत बसवला गेला. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराने स्वीकारलेली ‘हम्वी’ तर स्वयंचलित गिअरचीच होती. कमी प्रशिक्षणातही सैनिकाला वाहन हाकता यावे, हा त्याचा मोठा फायदा. भारतात मात्र विलीज जीपपासून १९८५ च्या ‘जिप्सी’पर्यंत डोंगरी वाहनांची परंपरा हाताच्या गिअरवर वाढली. ‘खरी जीप म्हणजे हाताचा गिअर’ ही समजूत यंत्रशास्त्रापेक्षा या परंपरेतून अधिक आली आहे.

येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘ऑटोमॅटिक’ हे नाव एक असले, तरी यंत्रे वेगवेगळी आहेत. अनेक छोट्या गाड्यांत असलेला ‘एएमटी’ म्हणजे हाताचाच गिअरबॉक्स; त्यातील क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. त्यातील क्लच घासतो, तापतो आणि चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली की लवकर झिजतो. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सलाही रखडत चढणे मानवत नाही. ‘एसयूव्ही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत अशी यंत्रे असतात आणि शक्तीही पुढच्या दोनच चाकांना मिळते. थारचा चालक जेथे सहज चढला, तेथे आपलीही गाडी चढेल असे मानणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच.

उताराचे गणित

खरा प्रश्न परतीच्या वाटेवर सुरू होतो. दोन टन वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा कोठे ना कोठे जिरवावी लागते. साध्या तापमानाच्या सुमारे ३० लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ही उष्णता आहे. इंजिनाचा अवरोध वापरला नाही, तर यातील बहुतांश भार ब्रेकवर येतो. ब्रेक अति तापले की त्यांची पकड सुटू लागते. पेडल दाबूनही गाडी अपेक्षेप्रमाणे थांबत नाही.

घाटात गाडी चालवणाऱ्यांचा जुना नियम सांगतो की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला उसंत मिळते. हाताच्या गिअरवर शिकलेल्या चालकाच्या अंगवळणी हे आपोआप पडत असे. स्वयंचलित गाडीत मात्र दांडा ‘डी’वर ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की, इंधन वाचवण्यासाठी गिअरबॉक्स बहुधा वरचा गिअर निवडतो. मग इंजिनाचा अवरोध कमी होतो आणि चालकाचा पाय सतत ब्रेकवर राहतो. काही आधुनिक गिअरबॉक्स उतार ओळखून खालचा गिअर घेतात. पण पुढच्या वळणानंतर रस्ता किती खोल उतरणार आहे, हे त्यांनाही ठाऊक नसते.

याचा अर्थ यंत्रात सोय नाही असा नाही. थारच्या स्वयंचलित दांड्यावर हाताने गिअर वर-खाली करण्याची व्यवस्था आहे. जिम्नीच्या चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये ‘२’ आणि ‘एल’ अशा खुणा आहेत. अवघड जागी चाकांना अधिक जोर आणि कमी वेग देणारी ‘लो रेंज’ या दोन्ही गाड्यांच्या फोर बाय फोर यंत्रणेत आहे. उणीव आहे ती वापराची. ‘डी’, ‘एन’ आणि ‘आर’ यांपलीकडच्या खुणांना अनेक मालक वर्षानुवर्षे हातही लावत नाहीत.

‘हिल डिसेंट कंट्रोल’ हे बटण असल्याने निर्धास्त राहणेही योग्य नव्हे. १९९७ च्या लँड रोव्हर ‘फ्रीलँडर’मधून प्रथम आलेली ही यंत्रणा प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून गाडीला अगदी हळू खाली आणते. कच्च्या, छोट्या, खड्या उतारावर तिला तोड नाही. पण ती काम करते ब्रेकच्याच आधाराने. कित्येक किलोमीटरच्या डांबरी घाटावर ती खालच्या गिअरची जागा घेऊ शकत नाही.

गिअर हातात असूनही

मात्र हाताच्या गिअरवाल्यांनी यातून विजयाचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. याच महामार्गावर, कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे येणाऱ्या उतारावर झालेले अपघात वेगळीच गोष्ट सांगतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड मालवाहू वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. त्यानंतर उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये वाहन सोडण्याची सवय पुन्हा चर्चेत आली. थोडे इंधन वाचवण्यासाठी केलेल्या या प्रकारात इंजिनाचा अवरोध तर जातोच. शिवाय इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारे साहाय्यही थोड्याच वेळात संपते. गिअर हातात असणे आणि तो वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणूनच चालकांची विभागणी ‘हाताचा गिअर’ आणि ‘ऑटोमॅटिक’ अशी करण्यापेक्षा, उतार कसा उतरावा हे जाणणारे आणि न जाणणारे अशी करणे वास्तवाला अधिक धरून होईल. पूर्वी गाडीच चालकाला हे ज्ञान थोडेफार शिकवत असे. आता गाडी ते शिकवत नाही. मग ते शिकवायचे कोणी, हा प्रश्न उरतो.

कायद्याचे मौन

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये गिअर नसलेली आणि गिअर असलेली मोटारसायकल असे दुचाकीचे वेगवेगळे वर्ग आहेत. चारचाकीच्या बाबतीत मात्र ‘हलके मोटार वाहन’ असा एकच वर्ग आहे. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर चाचणी देणाऱ्याला केवळ तशाच गाडीचा परवाना मिळतो. आपल्याकडे तसे बंधन नाही. सपाट शहरात परवाना मिळवलेला नवा चालक दुसऱ्याच दिवशी दोन टनांची फोर बाय फोर घेऊन वरंधा घाटात उतरू शकतो. दरडींच्या धोक्यामुळे हा घाट अलीकडच्या काही पावसाळ्यांत वाहतुकीसाठी बंद ठेवण्याची वेळ प्रशासनावर आली होती, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

परवान्यांचे वर्ग वाढवल्याने हा प्रश्न सुटेलच असे नाही. त्याहून सोपे उपाय हाताशी आहेत. परवान्याच्या चाचणीत चढावर गाडी उचलण्याइतकेच महत्त्व उतारावर खालचा गिअर वापरण्याला देता येईल. गाडीचा ताबा देताना विक्रेते ध्वनियंत्रणा आणि मोबाइल जोडणी हौसेने समजावून सांगतात. त्यात गिअरच्या उरलेल्या खुणांसाठी दहा मिनिटे काढणे अशक्य नाही. घाटमाथ्यांवरील फलकांवर वेगमर्यादेसोबत स्वयंचलित गाड्यांसाठी ‘डी’ऐवजी खालचा गिअर निवडण्याची सूचना लिहिता येईल. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियमही अनेकांना नव्याने सांगावा लागतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे हा प्रश्न मिटेल, असे मानणारेही आहेत. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटाच्या ‘हॅरियर’च्या विद्युत आवृत्तीत चारही चाकांना शक्ती देणारा प्रकार उपलब्ध झाला. अशा गाड्या उतारावर मोटरच्या साह्याने वेग रोखतात आणि तीच ऊर्जा बॅटरीत साठवतात. पण बॅटरी आधीच भरलेली असेल, तर ही साठवण मर्यादित होते. म्हणजे घाटमाथ्यावरच्या मुक्कामी रात्रभर चार्ज करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्यालाही उताराचा विचार आधीच करावा लागणार आहे.

स्वयंचलित गिअरने डोंगर अधिक लोकांसाठी खुला केला, ही स्वागतार्ह बाब आहे आणि तो प्रवाह मागे फिरणारा नाही. चालकाच्या अभिमानाचा प्रश्न करून त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. मात्र गाडीने चालकाचा डावा पाय मोकळा केला, म्हणून त्याचे डोकेही मोकळे झाले असे होत नाही. घाटाच्या माथ्यावर पोहोचल्यावर उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर निवडायला काही क्षणच लागतात. हा निर्णय आजही चालकालाच घ्यावा लागतो.