माळ्यावरचा पाळणा खाली उतरवताना

घरात बाळ येणार अशी वार्ता आली की थोरामोठ्यांच्या मनात ज्या गोष्टींची उजळणी सुरू होते, त्यांत डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि पाळणा यांना हमखास स्थान असते. पहिल्या दोहोंची व्यवस्था आठ-पंधरा दिवसांत होते. पाळण्याचा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. माळ्यावर जुना पाळणा असतो. त्यात आपली मुले वाढलेली असतात, कदाचित आपण स्वतःही. तो पुसून, रंगवून पुन्हा टांगावा असे आपल्याला वाटते. इकडे लेकीने किंवा सुनेने एखाद्या दुकानातली बेबी कॉट पाहून ठेवलेली असते. मग पाळण्याच्या निमित्ताने घरात अवघडलेली शांतता पसरते.

पाळणा शोभेची वस्तू आहे, आठवणींचा ठेवा आहे. पण सर्वांआधी ती बाळाची झोपण्याची जागा आहे. नवजात बालक दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते. त्यातल्या बऱ्याच वेळी, विशेषतः रात्री, कोणाचीही नजर त्याच्यावर नसते. तेवढ्या वेळात त्या जागेपासून बाळाला अपाय होऊ नये, या एकाच कसोटीवर जुना पाळणाही तपासायचा असतो आणि नवी कॉटही.

पाठीवर की कुशीवर?

पहिल्या काही महिन्यांत बाळाची मान दुबळी असते. नाक-तोंड उशीत, दुपट्यात किंवा मऊ गादीत रुतले, तर मान वळवून सुटका करून घेण्याचे बळ त्याच्याजवळ नसते. झोपेतच बाळ अचानक दगावण्याच्या घटना मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत घडतात, आणि बाळ पालथे झोपलेले असल्यास त्यांचा धोका वाढतो, हे गेल्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला. 1994 पासून तेथे बाळाला पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आले. त्यासाठी ना औषध लागले, ना यंत्र.

आपल्याकडे मात्र एक शंका खोलवर रुजलेली आहे. बाळाला पाठीवर झोपवले आणि त्याने दूध बाहेर टाकले, तर ते श्वासनलिकेत जाणार नाही का? शंका प्रेमापोटी आलेली आहे, म्हणून तिचे नीट निरसन व्हायला हवे. बाळ पाठीवर असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढण चढावी लागते. बाळ पालथे असते तेव्हा हीच रचना उलटी होते. शिवाय निरोगी बाळ आलेले दूध गिळते किंवा खोकून बाहेर टाकते. कुशीवर झोपवणे हाही सुरक्षित मध्यममार्ग नाही, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते. म्हणून रात्र असो वा दुपार, वर्षाचे होईपर्यंत बाळाला पाठीवरच झोपवावे. पुढे ते आपण होऊन दोन्ही बाजूंना उलटू-सुलटू लागले, की झोपेत त्याने घेतलेली कूस पुन्हा पुन्हा बदलण्याची आवश्यकता नसते. बाळाला एखादा विशेष आजार असल्यास डॉक्टर सांगतील तसे करावे.

जुना पाळणा तपासताना

पाळणा खाली उतरवल्यावर आधी चांगल्या उजेडात ठेवा. चष्मा लावा, हाती मोजपट्टी घ्या.

पहिली तपासणी गजांमधील अंतराची. हे अंतर सहा सेंटिमीटरहून अधिक नसावे. गज विरळ असले की बाळाचे पाय आणि धड त्यातून बाहेर सरकते, डोके मात्र आतच अडकते. मोजपट्टी नसेल तर शीतपेयाचा रिकामा डबा गजांमधून घालून पाहा. तो आरपार गेला, तर पाळणा बाळाला झोपवण्यायोग्य नाही. एखादा गज निसटलेला असेल तरी हेच समजावे.

दुसरी तपासणी खांबांची. जुन्या पाळण्यांच्या खांबांवर कळस, मोर, पोपट कोरलेले असतात. डोळ्यांना ते सुखावतात. परंतु वर आलेल्या टोकात अंगड्याचे बंद किंवा गळ्यातला धागा अडकला, तर तो बाळाच्या मानेला आवळतो. त्याच कारणाने झोपताना बाळाच्या गळ्यात काळा दोरा, ताईत किंवा साखळी ठेवू नये.

तिसरी तपासणी टांगणीची. कड्या, साखळ्या, छताचा आकडा किंवा स्टँडचे नटबोल्ट झिजलेले नाहीत ना, हे सुताराला किंवा गवंड्याला दाखवून घ्यावे. नंतर पाळणा स्थिर करून पाहावा. तो जमिनीला समांतर राहिला पाहिजे. एका अंगाला कललेल्या पाळण्यात बाळ हळूहळू कोपऱ्याकडे घसरते आणि त्याचे नाक-तोंड कडेला टेकते.

चौथी गोष्ट रंगाची. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा मोठा संभव असतो आणि दात येताना बाळ कठडा चावते. शिसे शरीरात गेल्यास मेंदूच्या वाढीला बाधा येते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत 90 भाग अशी मर्यादा घालणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला आहे. पाळणा त्यापूर्वीचा असेल आणि त्याचा रंग सुटत असेल, तर तो घरात पॉलिश पेपरने घासू नका. ती धूळच अधिक घातक. गर्भवतीच्या आसपास तर हे काम मुळीच नको.

झोळीविषयी

साडीची किंवा धोतराची झोळी आपल्या कष्टकरी घरांतली जुनी सोय. शेताच्या बांधावर, झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत पिढ्या वाढल्या. तरीही तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. झोळीत बाळाची पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना हे विशेष जड जाते. तेव्हा झोळीत बाळ शांत केले तरी झोप लागताच त्याला सपाट जागी ठेवावे. आणखी एक धोका थोरल्या भावंडांचा. रिकाम्या झोळीत बसून मुले गोल गोल फिरतात, कापडाला पीळ बसतो आणि तो गळ्याभोवती आवळला जातो. अशा दुर्घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. वापर संपताच झोळी सोडून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

पाळण्यात काय असावे?

गादी सपाट आणि टणक असावी. तळहाताने दाबून हात उचलला की तिच्यावर खळगा राहता कामा नये. सावरीच्या कापसाची गुबगुबीत गादी आपल्याला मायेची वाटते, पण बाळाचे तोंड रुतते ते अशाच गादीत. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटांहून अधिक जागा नसावी. चादर ताणून खाली खोचलेली असावी.

आणि गादीवर? फक्त बाळ. उशी नको, लोड नको, पांघरायला सैल गोधडी नको, कापडी बाहुल्या नकोत. कठड्याला आतून बांधायच्या मऊ गाद्या सुरक्षेसाठी म्हणून विकल्या जातात. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने त्यांच्या विक्रीवरच बंदी आली, कारण त्यांत अडकून आणि गुदमरून बाळे दगावली होती. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची आपली पद्धत आहे. पहिल्या वर्षात कोणतीच उशी नको, ही देखील. डोक्याचा आकार नीट राहण्यासाठी झोपवताना बाळाचे तोंड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवावे आणि ते जागे असताना आपल्या डोळ्यांसमोर थोडा थोडा वेळ पालथे घालावे. आजी-आजोबांनी आनंदाने अंगावर घ्यावे असे हे काम आहे.

थंडी वाजेल या काळजीने आपण कुंची, टोपडे, मोजे आणि वर दुपटे असा जामानिमा करतो. अति उष्णता हाही बाळाच्या झोपेतला धोकाच आहे. आपल्या अंगावर जितके कपडे, त्याहून एखादाच पदर बाळाला अधिक असावा. मानेला किंवा छातीला हात लावून पाहा. तेथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. घरात झोपताना टोपडे काढावे. कमी वजनाच्या बाळासाठी डॉक्टरांनी ते घालायला सांगितले असेल, तर गोष्ट निराळी. मच्छरदाणी अवश्य लावावी, पण ती ताणलेली असावी आणि बाळाच्या हाती लागू नये.

कॉट घ्यायची तर

नवी कॉट निवडतानाही हेच निकष. कठडे पक्के बसवलेले असावेत. वर-खाली सरकणाऱ्या कठड्यांच्या कॉटमध्ये बाळे अडकून मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेत जून 2011 पासून त्यांची विक्री बंद झाली. लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे जाणाऱ्यांनी, कोणी जुनी कॉट भेट देत असेल तर हे ध्यानात ठेवावे. चाके असल्यास त्यांना अडसर हवा. कॉट खिडकी, पडद्याच्या दोऱ्या आणि विजेच्या तारा यांपासून दूर, परंतु आई झोपते त्याच खोलीत असावी. निदान पहिले सहा महिने बाळाची जागा वेगळी पण खोली एकच, ही व्यवस्था सर्वांत चांगली. झोपेची गोळी घेणाऱ्या व्यक्तीने बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नये. बाळाला मांडीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे तर फारच धोक्याचे.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. दिवसभर बाळाला उचलणार कोण? ते आपण असाल, तर दुकानात आपणच जावे आणि कठड्यावरून आत वाकून पाहावे. गादीची उंची बदलता येणारी कॉट सुरुवातीला पाठीला सोयीची पडते. बाळ बसू लागले की गादी खाली घ्यावी लागते आणि तेव्हा वाकणे अधिक होते. हाडे ठिसूळ झालेली असतील किंवा कंबर दुखत असेल, तर उचलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून आपण खुर्चीत बसून बाळ मांडीवर घ्यावे. उचलायचेच असेल तर दोन्ही पाय फाकवून उभे राहावे, बाळ आधी छातीजवळ घ्यावे, मग सरळ व्हावे. स्टुलावर चढून बाळ कधीही उचलू नये. पाळण्याच्या स्टँडचे पाय रात्री वाटेत येत नाहीत ना, हेही पाहावे. अडखळून पडण्याचे आपले वय आहे.

बाळ कूस बदलू लागले किंवा हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले, की टांगता पाळणा बंद करावा. ही वेळ बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात येते. उंची 90 सेंटिमीटरच्या जवळ आली किंवा मूल कठड्यावर पाय टाकू लागले, की कॉटही आवरावी.

आता पुन्हा माळ्यावरच्या पाळण्याकडे वळू. तो या सर्व कसोट्यांना उतरला, तर निःशंकपणे वापरावा. नव्या कॉटहून तो कमी नाही. नाही उतरला, तरी मनाला लावून घेऊ नका. तपासणी आपणच करावी आणि निर्णयही आपणच सांगावा. "याचे गज विरळ आहेत, यात बाळ नको," हे वाक्य आजोबांच्या तोंडून आले, तर सुनेला वाद घालावा लागत नाही आणि घरात कोणाचा पराभव होत नाही. त्या पाळण्यात आपली मुले सुखरूप वाढली, हे खरे आहे. ते भाग्य होते. त्यावर पुन्हा भिस्त ठेवण्याचे कारण नाही.

बारशाच्या दिवशी तो पाळणा जरूर सजवा. टांगणी भक्कम असल्याची खात्री करा, फुलांच्या माळा सोडा, गोविंद घ्या, गोपाळ घ्या, बाळाच्या कानात नाव सांगा. तेवढा वेळ दहा जणींचे डोळे बाळावर असतात. सोहळा आटोपला, पाहुणे गेले, की फुले, फिती, फुगे, खुळखुळे सारे उतरवा आणि बाळाला त्याच्या साध्या, सपाट, मोकळ्या जागी पाठीवर निजवा. रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकदा त्या गादीवर नजर टाका. तिथे बाळाखेरीज काही दिसले नाही, तर आपणही निर्धास्त झोपावे.