शिशातली काच भंगारात देऊ नका

मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, सातारा व सांगली यांस,



८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. दरबारच्या इमारती हळूहळू सरकारी कामाला लागल्या. कपाटे-खुर्च्यांची नोंद झाली असेल; खिडक्यांच्या काचांची कोण करतो?

आपल्या वाड्यांतली रंगीत काच बहुधा सागवानी चौकटीतली. तुटली तर गावचा सुतारही बदलून देतो. शिशाच्या पट्ट्यांत जुळवलेली काच मात्र विलायती वळणाची. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्या, चर्च, बंगले यांच्यासाठी घडलेली. शिसे मुळात मऊ. शंभर वर्षे ऊन-पाऊस खाल्ल्यावर पट्ट्या थकतात, डाखाला चिरा जातात, भरलेली लांबी वाळून गळते आणि अख्खे तावदान पोट काढते. बघणाऱ्याला वाटते, खिडकी गेली. वास्तविक जाते ते शिसे. काच धडधाकट असते. पण निविदेत ‘जुन्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणे’ एवढी एक ओळ पडली, की ठेकेदार काच फोडून शिसे किलोवर विकायला मोकळा. त्याला तरी दोष काय द्यायचा? त्याला कोणी वेगळे सांगितलेलेच नसते.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची डागडुजी २०१५ मध्ये पुरी झाली, तेव्हा १८७८ च्या त्या इमारतीतल्या रंगीत काचाही दुरुस्त झाल्या. मुंबईला देणगीदार मिळतात, आम्हाला कोण देणार, असे आपण म्हणाल. खरे आहे. म्हणून मी दुरुस्ती मागतच नाही.

मागणे एवढेच. तावदान उतरवण्याआधी त्याचे आतून-बाहेरून फोटो घ्यावेत आणि कागदावर पट्ट्यांचा ठसा काढावा. सुट्या तुकड्यांना क्रमांक द्यावेत. उतरवलेले तावदान आडवे न टाकता लाकडी खोक्यात उभे ठेवावे. आडवे पडले की स्वतःच्या वजनाने मोडते. जागा नसेल तर औंधचे श्रीभवानी संग्रहालय शासनाचेच आहे, तिथे विचारावे. सांगलीत मात्र तळमजला नको. २०१९ चा पूर आपल्यालाही आठवत असेल.

या कामाचे कारागीर थोडे आहेत, पण आहेत. पैसा उद्या मिळेल, दहा वर्षांनी मिळेल. तोवर काच शिल्लक हवी. जुन्या इमारतींच्या येत्या निविदेपासूनच ही अट घालावी, ही विनंती.

आपला,
सातारचा एक रहिवासी